ताप जंगलाचा नव्हे, रांजणाचा



चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक समजूत फार जुनी आहे. ताप म्हटला की तो जंगलाचाच! झाडी दाट, पाऊस फार, ओढे-नाले भरपूर, मग ताप येणारच, असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. या समजुतीत काहीच तथ्य नाही असे नाही. हिवतापाने या भागात पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेली आहेत आणि राज्यातील हिवतापाचा मोठा वाटा आजही गडचिरोलीच्याच नावावर आहे. परंतु एका आजाराच्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या आजाराला लावला की शास्त्र मागे पडते आणि सवय पुढे येते. चिकुनगुन्याच्या बाबतीत आपले नेमके तेच होत आहे असे माझे मत आहे. या लेखात ते मत मी तुमच्यापुढे मांडणार आहे. पटले तर स्वीकारा, न पटले तर का पटले नाही याचा विचार करा.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. तेव्हा औषधोपचाराविषयी डॉक्टरांचेच ऐकायचे. परंतु हा आजार समजून घ्यायला जे लागते ते तुमच्या-माझ्या आवाक्यातले आहे. थोडे जीवशास्त्र, थोडे पदार्थविज्ञान, थोडा गुणाकार आणि पुष्कळसे निरीक्षण, एवढ्यावर काम भागते.

नावापासून सुरुवात

वर्गात विचारले तर आजही दोन-चार हात वर होतात आणि सांगतात, ‘सर, हा आजार कोंबडीमुळे होतो.’ ‘चिकनगुनिया’ असा उच्चार रूढ झाल्याचा हा परिणाम! २००६ साली तर या गैरसमजाला आणखी एक आधार मिळाला. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला आणि त्याच वर्षी राज्यात चिकुनगुन्याची मोठी साथ पसरली. दोन घटना एका वर्षी घडल्या म्हणून त्यांच्यात कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, हा शास्त्राचा पहिला धडा येथे लक्षात ठेवा. कोंबडीचा या आजाराशी काहीही संबंध नाही.

हा शब्द आफ्रिकेतील मकोंडे लोकांच्या भाषेतला आहे. त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’. १९५२-५३ साली तेव्हाच्या टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, दक्षिण भागातील मकोंडे पठारावर तापाची मोठी साथ आली. एकाएकी ताप चढे आणि सांधे इतके दुखत की माणूस सरळ उभा राहू शकत नसे. रॉबिन्सन आणि लम्सडेन या संशोधकांनी १९५५ साली या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. हे पठार पाण्यासाठी वखवखलेले होते. पाणी लांबून आणावे लागे आणि आणलेले पाणी घरात साठवून ठेवावे लागे. साथ आली ती अशा घरांत. म्हणजे या आजाराच्या पहिल्या पानावरच जंगल नाही, पाण्याचे मडके आहे!

हा विषाणू एवढा लहान असतो की एक मिलीमीटर लांबीत सुमारे १५ हजार विषाणू एका ओळीत बसतील. तो स्वतः चालत नाही, हवेतून उडत येत नाही, रुग्णाला शिवल्याने लागत नाही. एडीस जातीची डासाची मादी रुग्णाचे रक्त पिते, विषाणू तिच्या शरीरात वाढतो आणि काही दिवसांनी ती दुसऱ्या माणसाला चावली की त्याच्या शरीरात उतरतो. बहुधा तीन ते सात दिवसांत ताप येतो. मनगटे, बोटे, घोटे, गुडघे सुजतात. अंगावर पुरळ उठू शकते. ताप आठवड्याभरात जातो. सांधेदुखी मात्र काहींना महिनोन्‌महिने सोडत नाही. याच अवयवांवर रोख का, याचा एक धागा २०१८ साली हाती आला. विषाणूला पेशीत शिरताना ज्या प्रथिनाचा आधार मिळतो, ते प्रथिन सांधे, स्नायू आणि हाडांच्या भोवतालच्या पेशींवर असते, असे त्या वर्षी दिसून आले.

या आजाराने सहसा मृत्यू येत नाही. म्हणून तो ‘साधा’ समजला जातो. मला हा शब्द मान्य नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात धानाची रोवणी असते. दिवसभर गुडघाभर चिखलात उभे राहून, कमरेत वाकून, बोटांच्या चिमटीत धरून रोप लावायचे. ज्याची बोटे मिटत नाहीत आणि घोटे सुजले आहेत, त्याने हे काम कसे करायचे? साथ येते तीही पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, म्हणजे नेमक्या रोवणीच्या आणि पुढे कापणीच्या दिवसांत. पगारी माणसाची रजा जाते, मजुराचा हंगाम जातो. नवजात बालके, म्हातारी माणसे आणि आधीच आजारी असलेली माणसे यांना तर हा ताप जिवावरही बेतू शकतो.

नागपूर, बार्शी आणि मधली बत्तीस वर्षे

आपल्या देशात हा विषाणू प्रथम १९६३ साली कलकत्त्याला आढळला. १९६४ साली तो मद्रासकडे गेला आणि १९६५ साली आपल्या अगदी उंबऱ्याशी, नागपूरला आला. चंद्रपूरपासून नागपूर दीडशे किलोमीटरवर. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या साथीचा तपास केला. रुग्णांच्या रक्तात चिकुनगुन्या आणि डेंग्यू तर सापडलेच, पण दोन रुग्णांच्या रक्तात एक तिसराच, तोपर्यंत जगाला माहीत नसलेला विषाणू मिळाला! नागपूरच्या एका वस्तीवरून त्याला ‘चांदीपुरा’ हे नाव पडले. तो मुख्यतः वालुमाशीमुळे पसरतो. ‘ताप तो ताप’ असे म्हणून संशोधक थांबले असते, तर तो तेव्हा सापडलाच नसता.

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला साथ आली आणि गावातील एक तृतीयांशाहून अधिक लोक आजारी पडले. त्यानंतर देशात मोठी साथ आली नाही. एक नाही, दोन नाही, बत्तीस वर्षे! आजार संपला असेच सर्वांना वाटू लागले. पुणे जिल्ह्यात यवत येथे २००० साली पकडलेल्या डासांत विषाणू मिळाला होता, पण तो सूचक खडा लहान होता. २००५ च्या अखेरीस दक्षिणेत साथ सुरू झाली आणि २००६ साली देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. हा विषाणू जुन्या साथीतल्या आशियाई वंशाचा नव्हता, आफ्रिकेतील वंशाचा होता. यवतच्या डासांतील विषाणूही त्याच वंशाचा निघाला.

ही शांतता आणि हा भडका कसा समजून घ्यायचा? तुम्ही वणवा पाहिला आहे. एकदा पाचोळा जळून गेला की त्या जागी लगेच दुसरा वणवा लागत नाही. दोन-चार वर्षे पाने गळतात, थर साठतो आणि मग एक ठिणगी पुरते. हा आजार एकदा झालेल्या माणसाला बहुधा पुन्हा होत नाही, कारण त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते. परंतु नंतर जन्मलेल्या मुलांकडे ती नसते. बत्तीस वर्षांत असा ‘पाचोळा’ किती साठला असेल, हिशेब करा. २०२४ साली नागपुरात पुन्हा मोठी साथ आली. म्हणून ‘यंदा रुग्ण नाहीत’ याचा अर्थ ‘आता भीती नाही’ असा घ्यायचा नसतो.

दोन डास, दोन पाणी

आता मुख्य मुद्दा. हिवताप पसरवणारा अॅनॉफिलिस आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडीस हे दोघेही डास खरे, पण त्यांचे राहणे-वागणे अगदी निराळे. अॅनॉफिलिस रात्री चावतो. एडीस दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. आपल्याकडचा अॅनॉफिलिस ओढ्याच्या कडेला, धानाच्या बांधीत, झऱ्यात वाढतो; एडीस रांजणात, सिमेंटच्या टाकीत, ड्रममध्ये, फुटक्या मडक्यात, पंक्चरच्या दुकानाबाहेरच्या टायरमध्ये. अॅनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. एडीसची अळी शेपटीकडची श्वासनळी वर लावून डोके खाली करून लोंबकळते. भिंतीवर बसताना अॅनॉफिलिस अंग तिरके उचलतो. एडीसचे अंग भिंतीला समांतर असते आणि त्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात.

गावोगाव औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या जातात. त्या जरूर वापरा, हिवतापापासून त्या प्राण वाचवतात. पण दुपारी एक वाजता शाळेच्या व्हरांड्यात चावणाऱ्या डासाला तुमच्या घरची मच्छरदाणी काय करणार? दिवसा झोपणारे तान्हे मूल आणि तापाने पडलेला रुग्ण यांना मात्र दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. रुग्णाला डास चावला नाही तर विषाणूचा पुढचा रस्ताच बंद होतो.

विदर्भातल्या एका वस्तूकडे तुमचे खास लक्ष वेधतो. ती म्हणजे कूलर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. ही उष्णता हवेतून घेतली जाते आणि हवा थंड होते. चंद्रपूरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत हे यंत्र उत्तम चालते. पाऊस सुरू झाला की हवेतील आर्द्रता वाढते, बाष्पीभवन मंदावते, कूलर नुसता दमट वारा फेकू लागतो आणि आपण तो बंद करतो. पण टाकीतले पाणी? ते तसेच राहते: सावलीतले, स्थिर, कोमट, झाकलेले. एडीसला याहून चांगले घर कोणते? शिवाय मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिले तरी अंडी टाकीला चिकटलेलीच राहतात आणि कोरडी राहून कित्येक महिने जगू शकतात. पुढच्या उन्हाळ्यात आपण पाणी भरतो आणि गेल्या वर्षीचे डास जन्माला घालतो! म्हणून टाकी रिकामी करणे हे अर्धे काम झाले. ब्रशने घासणे हे दुसरे अर्धे.

‘मग जंगलाचा यात काहीच भाग नाही का?’ असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. एडीसचे एक भावंड, एडीस आल्बोपिक्टस, झाडांच्या ढोलीत आणि कापलेल्या बांबूच्या खुंटात साठलेल्या पाण्यातही अंडी घालते आणि २००७ साली केरळातील साथीत त्याचा मोठा वाटा होता. पण पाहा, बांबूचा खुंटही माणसानेच कापलेला असतो. कापताना पेराच्या लगेच वर कापला तर वाटीच तयार होत नाही आणि पाणी साठत नाही. घरातल्या एडीसचे पूर्वजही आफ्रिकेच्या जंगलात झाडांच्या ढोलीतच वाढत. माणूस पाणी साठवू लागला तसे ते त्याच्या मडक्याजवळ राहायला आले, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यांना जंगलातून घरात आपण आणले. घराबाहेर काढण्याचे कामही आपलेच.

धूर दिसतो, ब्रश दिसत नाही

साथ आली की धुराचे यंत्र येते. आवाज होतो, पांढरे ढग उठतात, लहान मुले मागे धावतात, मोठी माणसे समाधानाने म्हणतात, ‘काहीतरी होत आहे.’ माझे मत येथे पुष्कळांना कडू वाटेल. साथीच्या ऐन भरात उडणारे डास मारण्यासाठी धुराचा तात्पुरता उपयोग आहे, पण त्यावर विसंबणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे. एडीस बसतो घरात. खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात. धूर फिरतो रस्त्यावर. आणि रांजणातल्या अळीला तर धुराचा पत्ताही लागत नाही.

थोडा गुणाकार करू. एक मादी एका वेळी सुमारे १०० अंडी घालते. त्यातील निम्म्या माद्या धरल्या तर ५०. सर्व जगल्या तर पुढच्या पिढीत ५० गुणिले ५०, म्हणजे २,५००. प्रत्यक्षात पुष्कळ मरतात, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजा. तरी धूर फिरून गेल्यावर उरलेल्या थोड्या माद्यांपासून काही आठवड्यांत पुन्हा पहिल्याइतके डास कसे होतात, हे यावरून कळेल. उलट अंड्यापासून डास व्हायला उबदार दिवसांत साधारण सात ते दहा दिवस लागतात. तेव्हा दर सात दिवसांनी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी केली तर अळीला डास होण्याइतका वेळच मिळत नाही. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असे आरोग्य खाते सांगते, त्यातला सात हा आकडा लहरीने आलेला नाही.

‘मी एकट्याने करून काय होणार? शेजारी तर काही करत नाही!’ हा नेहमीचा आक्षेप. त्याचे उत्तरही मोजमापातच आहे. हा डास बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तेव्हा सारा जिल्हा सुधारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तुमची गल्ली, तुमचा टोला, तुमची आश्रमशाळा एवढ्यांनी ठरवले तरी फरक पडतो.

आता दुसरी बाजू. लोक घरात पाणी साठवतात ते हौसेने नाही. नळाला रोज पाणी येत नाही, कोठे बोअरवेलवर तास-तास उभे राहावे लागते, म्हणून गुंड, ड्रम आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. ‘तुमच्या निष्काळजीपणामुळे आजार झाला’ असे त्यांना सुनावणे सोपे आहे, न्यायाचे नाही. ज्या घरी खात्रीने रोज पाणी येते, तेथे रांजण आपोआप कमी होतात. म्हणून नियमित पाणीपुरवठा हा माझ्या मते या आजारावरचा सर्वांत टिकाऊ उपाय आहे आणि तो मागण्याचा लोकांना हक्क आहे. तो मिळेपर्यंत घट्ट झाकण, तेही नसेल तर दुहेरी कापड बांधणे आणि आठवड्यातून एकदा घासणे, एवढे आपल्या हाती आहे.

ताप आल्यावर काय, याविषयी थोडे. या भागात कोणताही ताप आला की प्रथम हिवतापासाठी रक्त तपासायलाच हवे, त्यात हयगय नको. पण तपासणीत हिवताप नाही असे आले म्हणजे ‘काहीच नाही’ असे होत नाही. चिकुनगुन्या आणि डेंग्यू यांच्या चाचण्या वेगळ्या असतात. सांधे दुखतात म्हणून बाजारातून मिळेल ती वेदनाशामक गोळी घेऊ नये. डेंग्यू असेल तर अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. एका सुईत दुखणे घालवून देतो म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहावे. विश्रांती, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटॅमॉल हाच मुख्य उपचार. विषाणूला मारणारे खास औषध अजून नाही. २०२३ पासून काही देशांत लशींना परवानगी मिळाली, पण आपल्या सार्वजनिक लसीकरणात ती लस नाही.

तुमच्यासाठी एक प्रयोग

पाठ्यपुस्तकात ‘कारणे, लक्षणे, उपाय’ असे तीन रकाने असतात. ते पाठ करून गुण मिळतात, डास मात्र कमी होत नाहीत. माझी सूचना अशी की हा धडा शाळेने वर्गाबाहेर काढावा.

दर शनिवारी चार-चार जणांनी शाळेच्या परिसरातील आणि आपल्या गल्लीतील पाण्याची भांडी पाहावीत. वहीत तीन आकडे लिहावेत: किती भांडी पाहिली, त्यांपैकी किती भांड्यांत अळ्या होत्या, आणि शंभरात हे प्रमाण किती. आठ आठवड्यांचा आलेख काढावा. पाऊस किती पडला तेही त्याच कागदावर दाखवावे. भांडी घासायला सुरुवात केल्यावर रेषा खाली येते का? येत नसेल तर कोणते भांडे नजरेतून सुटले? फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गुरांचे टाके पाहिले का?

एक काचेची बरणी घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली तीत पाण्यासह चार-पाच अळ्या ठेवून तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा. अळी पृष्ठभागाला लटकून राहते ती पाण्याच्या पृष्ठताणाच्या आधाराने. दोन दिवस तिच्या हालचाली टिपून घ्या. मग साबणाच्या पाण्याचे काही थेंब टाका. साबणाने पृष्ठताण कमी होतो. अळीला पूर्वीसारखे लटकता येते का, ते पाहा आणि लिहा. प्रयोग संपल्यावर पाणी उन्हात कोरड्या मातीवर ओता आणि बरणी घासा. आपल्याच प्रयोगातून डास सुटायला नकोत!

हे आकडे ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य उपकेंद्रात नेऊन दाखवा. ‘आमच्या गल्लीत शंभरातल्या वीस भांड्यांत अळ्या आहेत’ असे वही उघडून सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जंगलाचा ताप आहे, चालायचेच’ असे उत्तर देणे कोणालाही कठीण जाईल. येत्या शनिवारी सुरुवात करा आणि पहिले भांडे आपल्याच घरचे पाहा.